आगाखान महाल : वास्तू राखली, आता कथा राखण्याचा प्रश्न

पुणे : वनाजहून रामवाडीकडे जाणारी मेट्रो येरवडा स्थानक सोडल्यानंतर सरळ नगर रस्त्याने पुढे जात नाही. ती कल्याणीनगरच्या दिशेने वळसा घेते आणि रामवाडीला पुन्हा नगर रस्त्यापाशी येते. मूळ आराखड्यात हा वळसा नव्हता. मार्गिका नगर रस्त्यावरूनच, आगाखान महालासमोरून जाणार होती. परंतु राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास कायद्याची मनाई आहे आणि या मनाईतून सार्वजनिक प्रकल्पही सुटत नाहीत. अखेर मार्ग बदलावा लागला. ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंतची सेवा सुरू झाली आणि रोज प्रवास करणाऱ्या पुणेकरांना या वळणाची सवयही होऊन गेली.

एका जुन्या वास्तूसाठी कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पाने वाट वाकडी करावी, असे प्रसंग आपल्याकडे थोडेच. एरवी रस्तारुंदीसाठी वाडे पडतात आणि पुलांसाठी घाट बुजतात. त्यामुळे या घटनेकडे वारसाप्रेमींनी समाधानाने पाहिले असल्यास नवल नाही. तथापि या निमित्ताने जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो फारसा विचारला गेला नाही. शहराने एवढी किंमत मोजून नेमके काय राखले? इटालियन धाटणीच्या कमानी, लांबरुंद हिरवळ आणि दोन समाध्या एवढेच, की त्यांच्यामागे असलेली सव्वाशेहून अधिक वर्षांची कथाही?

दुष्काळी कामातून उभा राहिलेला महाल

ही वास्तू १८९२ ची. ती उभारणारे सुलतान महंमद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान, हे इस्माइली खोजा पंथाचे इमाम. कराचीत २ नोव्हेंबर १८७७ रोजी जन्मलेल्या आगाखानांकडे इमामपद आले ते १८८५ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी. १८९२ साली ते अवघे चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि घराण्याचा व्यवहार मातोश्री लेडी अली शाह यांच्या देखरेखीखाली चालत होता. मुंबई इलाख्यातील बड्या घराण्यांप्रमाणे आगाखानांचेही पावसाळ्यातील वास्तव्य पुण्यात असे. गव्हर्नरांचा मुक्काम पावसाळ्यात पुण्यात हलत असे आणि त्याबरोबर दरबार, मेजवान्या आणि घोड्यांच्या शर्यतीही येत.

तथापि या महालामागे केवळ हौस नव्हती. आसपासच्या खेड्यांतील दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून ही इमारत बांधण्यात आली, असे तिच्याविषयी सांगितले जाते. सुमारे हजार माणसे, पाच वर्षांचे काम आणि बारा लाख रुपयांचा खर्च हे आकडे स्मारकाच्या माहितीत दिले जातात. एकूण आवार १९ एकरांचे. दख्खनच्या माणसाला दुष्काळी काम म्हटले की आठवते ती खडी फोडणे, रस्ता आखणे, तलावाचा बंधारा घालणे अशी कामे. येथे त्याच कष्टांतून कमानींचे सज्जे, इमारतीच्या चारही बाजूंनी फिरणारा अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा आणि दिवाणखाने उभे राहिले. ज्यांनी दगड वाहिले त्यांची नावे कोठेही नाहीत. महालाला नाव मिळाले ते धन्याचे. यात वेगळे काही घडले असे नव्हे. राजवाड्यांच्या बाबतीत जगभर असेच होते. पण या इमारतीची कहाणी जेथून सुरू होते तेथेच खानदानी वैभव आणि सामान्यांची उपासमार या दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

पुढे आगाखानांचे जग पुण्यापुरते राहिले नाही. १९०६ मध्ये व्हाइसरॉयांना भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. लंडनच्या गोलमेज परिषदेत ते मुस्लिम प्रतिनिधींचे अग्रणी होते आणि १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून महात्मा गांधी आले, तेव्हा हे दोघे वाटाघाटींच्या निमित्ताने समोरासमोर आले होते. अकरा वर्षांनी त्यातील एक जण दुसऱ्याच्या पुण्यातील महालात कैदी म्हणून राहील, याची कल्पना त्या वेळी कोणी केली नसेल.

राजबंद्यांचा ‘राजवाडा’

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड सुरू झाली. काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेण्यात आले. गांधीजींना मात्र रेल्वेने चिंचवडपर्यंत आणून तेथून मोटारीने आगाखान महालात ठेवण्यात आले. त्यांच्यासमवेत महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू होत्या. शिवाजी पार्कवरील सभेत गांधीजींच्या जागी बोलण्यासाठी निघालेल्या कस्तुरबांना डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह त्याच दिवशी अटक झाली आणि दोन दिवसांनी त्याही येथे दाखल झाल्या.

येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह येथून हाकेच्या अंतरावर. गांधीजींना ते परिचयाचेही होते. १९२२, १९३० आणि १९३२ मध्ये त्यांना तेथेच ठेवण्यात आले होते आणि पुणे करार झाला तोही त्याच भिंतींआड. १९४२ मध्ये सरकारने नेहमीचा तुरुंग टाळून महाल निवडला. महालात ठेवले म्हणजे छळ केला असे जगाला म्हणता येणार नाही आणि इतर कैद्यांशी गांधीजींचा संबंधही येणार नाही, असा दुहेरी लाभ या व्यवस्थेत होता. महालाचे मालक त्या वेळी युद्धामुळे स्वित्झर्लंडमध्ये होते. आवाराभोवती काटेरी तारांचे कुंपण पडले, सशस्त्र पहारा बसला आणि दिवाणखान्यांच्या कोठड्या झाल्या.

गांधीजींना ही मेहेरबानी रुचली नाही. एवढी मोठी इमारत, तिचे भाडे आणि पहाऱ्याचा लवाजमा हा गरीब जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे, आपल्याला साध्या तुरुंगात हलवावे, असे त्यांनी सरकारला लिहिले. दुष्काळी कामातून उभ्या राहिलेल्या महालात बसून एका कैद्याने सरकारी खर्चाचा हिशेब मागावा, यात या वास्तूच्या इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणता येईल.

या महालात राजकारणही घडले. आंदोलनातील हिंसाचाराची जबाबदारी सरकारने काँग्रेसवर टाकली, त्याविरुद्ध गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असे एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्र्याहत्तर वर्षांच्या या कैद्याला सोडण्यास व्हाइसरॉय लिनलिथगो तयार नव्हते. त्याच्या निषेधार्थ व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळातील तीन सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांत वणीचे लोकनायक बापूजी अणे हे एक होते. होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार हे दुसरे दोघे. दिल्लीच्या सत्तेला पुण्यातील एका खोलीतून बसलेला हा धक्का होता.

दोन समाध्या आणि एक पत्र

मात्र लोकांच्या मनात हा महाल राहिला तो उपोषणामुळे नव्हे, तर दोन मृत्यूंमुळे. अटकेनंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. त्यांचे वय पन्नास. पंचवीस वर्षे ते गांधीजींची सावली बनून राहिले होते. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, म्हणजे महालाच्याच वर्षाचा. त्यांना अग्नी देण्यात आला तो महालाच्या आवारातच. पुढे गांधीजी त्या जागी रोज जाऊन फुले वाहत.

कस्तुरबांनी येथे अठरा महिने काढले. गांधीजींनी त्यांना शिकवण्याचा पुन्हा एकदा प्रयत्न केला, कॅरमच्या डावात त्यांचे मन रमू लागले. पण प्रकृती खालावत गेली. शेवटच्या दिवसांत देवदास गांधींनी पेनिसिलिन मागवले. वारंवार सुया टोचून आता तिचे हाल नकोत, असे म्हणून गांधीजींनी ते देऊ दिले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना निरोप देण्यात आला. अंत्यसंस्कार जनतेसमक्ष होऊ नयेत याची दक्षता सरकारने घेतली. परवानगी मिळाली ती महालाच्या आवारात, आप्त आणि निकटच्या मित्रांपुरती. महादेवभाईंशेजारीच दुसरी चिता पेटली.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची प्रकृतीच्या कारणावरून सुटका झाली. बाहेर पडताना त्यांनी सरकारला जे पत्र लिहिले, ते आजच्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दोन दहनांमुळे ही कुंपण घातलेली जागा पवित्र झाली आहे. सरकारने ती ताब्यात घ्यावी आणि आगाखानांच्या आवारातून तेथवर जाण्याचा हक्क लोकांना मिळावा, अशी त्यांची विनंती होती. सरकारचा प्रतिसाद कायद्याच्या भाषेत आला. जमिनीचे सक्तीने संपादन करता येत नाही, हा विषय आगाखानांशी खासगीरीत्या सोडवावा, असे कळवण्यात आले.

म्हणजे महाल तुरुंगासाठी घेताना सरकारला अडचण आली नव्हती. स्मरणासाठी चार पावले जमीन देताना मात्र खासगी मालकी आड आली. ती कोंडी पंचवीस वर्षांनी सुटली, तीही सरकारी आदेशाने नव्हे. तिसऱ्या आगाखानांचे १९५७ मध्ये निधन झाले. त्यांचे नातू आणि वारस प्रिन्स करीम आगाखान यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, हा महाल भारतीय जनतेला देऊन टाकला. हे प्रिन्स करीम ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बन येथे निवर्तले. त्यांच्या निधनाच्या बातम्यांत शाळा, रुग्णालये आणि वास्तुकलेच्या पुरस्काराचा उल्लेख झाला. पुण्यासाठी त्यांची सर्वात मोठी देणगी मात्र ही होती.

वाडे कशाने टिकतात?

सत्ता गेल्यावर राजवाड्यांचे काय होते, याची उदाहरणे शोधण्यासाठी पुण्याबाहेर जावे लागत नाही. शनिवारवाडा पेशवाईनंतर दहाच वर्षांत, १८२८ च्या आगीत, आतून नष्ट झाला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८७९ च्या आगीची झळ त्यालाही बसली. पण तो पुन्हा उभा केला गेला, कारण शहराला त्याचा उपयोग होता. पुढे अनेक वर्षे नगरपालिकेचा कारभारही तेथून चालला. सरदार-दरकदारांच्या कित्येक वाड्यांना असा उपयोग सापडला नाही. त्यांच्या जागी आज इमारती आहेत आणि वाड्याचे नाव फक्त पाटीवर आहे.

या दोन वाड्यांवरून एवढे दिसते की, वैभव हे वास्तू टिकण्याचे कारण ठरत नाही. टिकते ती वापरातली वास्तू. आगाखान महालाचे भाग्य असे की, त्याला दुसरे जन्म मिळत गेले. खानदानी निवासाचा तुरुंग झाला, तुरुंगाचे स्मारक झाले. आणि राष्ट्रीय महत्त्व त्याला मिळाले ते त्याच्या धन्यामुळे नव्हे, तर तेथे सक्तीने ठेवलेल्या माणसांमुळे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००३ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केली, ती शिल्पकलेसाठी नव्हे. वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने ही कालपरवाची इमारत आहे.

मीटरमध्ये मोजलेले संरक्षण

या घोषणेचा अर्थ पुढील दशकात स्पष्ट झाला. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित ठरले. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाला परवानगीच नाही. डागडुजी करायची तरी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. केंद्र सरकारने सार्वजनिक कामांसाठी या मनाईत सवलत देणारे विधेयक २०१७ मध्ये आणले. लोकसभेने ते जानेवारी २०१८ मध्ये संमत केले. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि त्याला कायद्याचे रूप येऊ शकले नाही. त्यामुळे मेट्रोपुढे वळसा घेण्यावाचून पर्याय उरला नाही.

कायद्याने आपले काम चोख केले, यात शंका नाही. परंतु प्रत्येक संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजत असते. मार्ग कल्याणीनगरकडे वळल्यावर तो नदीकाठाजवळून, डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षी-अधिवासालगत गेला. पर्यावरणप्रेमींनी त्याला विरोध केला. एक वारसा वाचवताना दुसऱ्यावर भार पडला. स्मारकालगतच्या रहिवाशांची अडचण निराळी. शहरात इतरत्र जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास होत असताना शंभर मीटरच्या रेषेआतील घरांना तो मार्ग बंद आहे. रेषेच्या आत आणि बाहेर असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नशीब टेपने मोजून ठरावे, हे कायद्याला अटळ वाटले तरी सोसणाऱ्याला न्याय्य वाटेलच असे नाही.

तरीही शिथिलतेची मागणी जपूनच करायला हवी. आज मेट्रोसाठी सवलत दिली तर उद्या उड्डाणपुलासाठी आणि परवा संकुलासाठी ती मागितली जाईल, हा अनुभव शहरांनी घेतला आहे. मुद्दा रेषा पुसण्याचा नाही. मुद्दा असा की, रेषेबाहेरच्यांनी एवढा भार सोसला असेल, तर रेषेच्या आत काय चालते हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आत काय आहे?

आत गांधीजींच्या वास्तव्याची दालने आहेत. छायाचित्रे, चित्रे आणि त्यांच्या वापरातील काही वस्तू मांडलेल्या आहेत. आवारात समाध्या आहेत आणि गांधीजींच्या अस्थींचा अंशही येथे आहे. खादीची विक्री आणि सूतकताईची परंपरा या आवाराशी जोडलेली आहे. २ ऑक्टोबर, ३० जानेवारी आणि २२ फेब्रुवारी या दिवशी लोक जमतात. एरवी शाळांच्या सहली येतात, परदेशी पाहुणे येतात आणि हिरवळीवर छायाचित्रे काढून परततात.

यात उणे काही नाही. पण अपुरे पुष्कळ आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातील सुमारे एकवीस महिनेच आपण येथे जतन केले आहेत. दुष्काळात दगड वाहणारी माणसे या कथेत नाहीत. आगाखान घराणे दारावरील नावापुरते आहे. गांधीजी आणि आगाखान यांची राजकीय वाट वेगळी होती, आणि तरीही एकाच्या वारसाने दुसऱ्याच्या स्मरणासाठी महाल दिला. धर्माच्या नावाने भिंती उभ्या करण्याच्या आजच्या काळात याहून बोलका प्रसंग शोधून सापडणार नाही. तो येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठळकपणे सांगितला जायला हवा.

दुसरी उणीव कस्तुरबांच्या संदर्भातील. हा महाल गांधी स्मारक म्हणून ओळखला जातो. पण येथे ज्यांनी प्राण ठेवला त्या कस्तुरबा आणि महादेवभाई. कस्तुरबांच्या निधनानंतर देशभरातून त्यांच्या नावे एक कोटीहून अधिक निधी जमला आणि तो खेड्यांतील स्त्रिया व मुलांसाठी वापरावा असे ठरले. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. महाराष्ट्रात प्रेमाबेन कंटक यांनी सासवडच्या आश्रमातून हे काम पुढे नेले. म्हणजे या महालातील एका मृत्यूतून ग्रामीण स्त्रियांच्या कामाची एक परंपरा सुरू झाली आणि तिचा एक धागा पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. स्मारकाच्या भेटीत हा धागा जोडून दाखवला, तर समाधी केवळ फुले वाहण्याची जागा राहणार नाही.

यासाठी नवे बांधकाम लागत नाही, कायदाही आड येत नाही. लागते ती कल्पकता आणि सातत्य. वास्तूचा संपूर्ण जीवनक्रम मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून सांगणारी मांडणी, महादेवभाईंच्या रोजनिशीची आणि सुशीला नय्यर यांच्या तुरुंगातील नोंदींची ओळख, शाळांसाठी वर्षभर चालणारे उपक्रम आणि आवारातील हातमागाच्या कामाला पुन्हा बळ, इतक्या गोष्टी आजही शक्य आहेत. पुरातत्त्व खाते इमारतीची देखभाल करते. तिच्यात जिवंतपणा आणण्याचे काम शहरातील विद्यापीठ, ग्रंथालये आणि गांधीविचाराच्या संस्थांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

१९४४ मध्ये गांधीजींनी सरकारकडे मागितले होते ते दोन समाध्यांपर्यंत जाण्याची वाट. त्या वेळी ती मिळाली नाही. आज वाट मोकळी आहे. तिच्यासाठी मालकाने महाल दिला, कायद्याने शंभर मीटर राखले आणि मेट्रोने वळसाही घेतला. आता त्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या वाढवणे आणि तेथून परतताना त्यांच्यासोबत छायाचित्रापलीकडचे काही जाईल हे पाहणे, एवढेच उरले आहे. ते मात्र कोणत्याही कायद्याच्या कलमात बसणारे नाही.